बाबांचा कुलर

कोल्हापूरची गाडी वेंगुर्ल्याच्या स्टँडात शिरली, थांबली, आणि बाबा दारातून उतरले ते थेट मागच्या शिडीने टपावर चढले. साठीला टेकलेला माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, आणि वरून हमालावर ओरडतोय,

"हळू बे, हळू! मोटर हाय त्याच्यात!"

हमालाला शब्द कळले नसावेत, पण आवाज कळला. दोराने बांधलेला भला मोठा पत्र्याचा खोका हळूहळू खाली आला. मी दत्तप्रसादकडे पाहिलं, आणि माझ्या नवऱ्याने माझ्याकडे.

"कुलर," मी म्हणाले.

"नागपूरहून?"

"रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून कोल्हापूर. पुढे टपावर. तुम्ही ओळखत नाही का त्यांना?"

ओळखत कसा नसेल! बाबांचं इतवारीत कुलरचं दुकान. पत्रा कापण्यापासून खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करायचे. दत्तप्रसाद बँकेच्या नोकरीत तिकडे असताना आमच्याच गल्लीत भाड्याने राहायचा. पुढचं सांगायला नको. लग्न झालं, लगेच त्याची बदली त्याच्या गावी झाली, आणि मी नागपूरची मुलगी समुद्रकाठी येऊन पडले. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात मी फोनवर एकदा बोलून गेले होते, की बाबा, इथं रात्रभर अंग चिकट राहते, झोपच येत नाही. मी विसरूनही गेले. बाबा विसरले नव्हते.

पण ते काही नुसता कुलर पोचवायला आले नव्हते. मला आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच, आणि बाबा मला न्यायला आले होते. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हा माहेर म्हणजे बाबा एकटेच. त्यांनी मावशीला बोलावून ठेवलं होतं, डिंक-मेथी भरून ठेवली होती, मागच्या खोलीला एक सोडून दोन कुलर लावले होते. पुढच्या आठवड्याची दोन तिकिटं खिशात होती.

"मंग हा इथं कायले आणला?" मी विचारलं.

"परत येशीन तवा पोराले लागन ना. आन तोवर तुले झोप तं येईन."

मला जायचं नव्हतं. घाटातली एसटी, मग दिवसभराहून लांब रेल्वे, आणि त्याच्या पलीकडे भर उन्हाळ्यातलं नागपूर. पोट हे एवढं. इथे दवाखाना सायकलवर जाण्याइतका जवळ. पण आई नसलेल्या मुलीने बापाला "मी माहेरी येत नाही" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दत्तप्रसादही गप्प होता. सासूबाईंना आधी विचारून पाहिलं होतं, तर म्हणाल्या, "माहेरचो मान तो. आपण मदी पडूचा नाय." झालं. सगळे माझ्या बाबांचा मान राखत होते आणि मी मनातल्या मनात घाटाची वळणं मोजत होते.

घरी पोचल्यावर सासूबाई ओटीवरच उभ्या होत्या. "येवा व्याहीबुवा. लांबचो प्रवास. आधी पाय धुवा, मगे कोकम घेवा."

बाबांनी कोकम सरबताचे दोन पेले रिचवले आणि म्हणाले, "तुमच्याइथं किती चालू हाय?"

"चौतीस असेल," दत्तप्रसाद म्हणाला.

बाबा हसले. "चौतीस? आमच्याइथं त्रेचाळीस सुरू हाय आन अजून मे लागला नाई. चौतीसले आमी स्वेटर शोधतो, जावईबापू."

स्वेटर म्हणेपर्यंत त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. थोड्या वेळाने ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कुंदे, घाम येऊन राहिला, ते ठीक हाय. पण हा वाळत काहून नाई?"

"इथला घाम वाळतच नाही, बाबा. पुसावा लागते."

"हे तं लय वाईट हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

संध्याकाळी सासूबाईंनी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशातून कांदा निघाला. त्या कांदा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगितलं, की आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, लू बाधत नाही. लू म्हणजे दुपारचा तापलेला वारा. सासूबाईंनी कांदा पुसून धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवला. व्याह्यांचा कांदा, त्यालाही मान.

माझ्या सासूबाईंचा उन्हाळा मला पहिल्या वर्षी मुळीच कळला नव्हता. स्वयंपाक सूर्य वर यायच्या आत, तोही परसातल्या चुलीवर. नंतर दिवेलागणीपर्यंत घरात विस्तव नाही. आमची पुढची, मधली आणि मागची दारं एका रेषेत. दुपार झाली की ती तिन्ही सताड उघडायची, पश्चिमेची खिडकी उघडायची आणि सारवलेल्या माजघरात चटई टाकून गप्प पडायचं. जेवण उतरायच्या सुमाराला दर्यावरचा वारा सुटायचा आणि माडांमधून घरात शिरायचा. दिवसातून तीनदा आंघोळ, अंगावर जुनी धुवट सुती साडी. मी नागपूरची, मला वाटायचं हे काय उघड्यावर पडून राहायचं! पुढे एका दुपारी तो वारा पावलांना लागला, मला झोप लागली, आणि मी इथली झाले.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून सगळी दारं-खिडक्या लावून टाकली.

"काहून उघडं ठेवता सारं? लू आत येते ना!" असं म्हणत ते खोली-खोली फिरले. नागपुरात हेच करतात. दहाच्या आत घर बंद, पडदे ओढलेले, कुलरच्या ताट्यांवर पाणी, आणि आतली माणसं गारेगार. तिकडची हवा इतकी कोरडी की पाणी ओतलं की प्यायलीच समजा. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली. तिला अजून पाणी पाजायचं म्हणजे पोट भरलेल्या माणसाला आग्रह करण्यातलाच प्रकार.

पण हे व्याह्यांना सांगणार कोण?

कुलर माजघरात बसला. बाबांनी बादल्या ओतल्या, बटण दाबलं, खसचा गोड वास सुटला. पहिला झोत तोंडावर आला आणि खरंच बरं वाटलं.

"कसा थंडगार वाटता!" सासूबाई म्हणाल्या.

"छान, छान," दत्तप्रसाद म्हणाला.

तासाभराने माजघराची मोरी झाली. अंगावरचं कापड अंगाला चिकटलं, श्वास जड झाला. संध्याकाळी काडेपेटीतली काडी पेटेना. बरणीतलं मीठ पाझरलं. पापड तळायच्या आधीच मऊ. बाबा विचारात पडले आणि म्हणाले, "पाणी कमी पडून राहिलं वाटते." अजून दोन बादल्या.

मग सुरू झाली आमची भलेपणाची शर्यत. दत्तप्रसाद रात्री अंगावर पंचा टाकून कुलरसमोर पडायचा आणि पहाटे डोळे लाल करून बँकेत जायचा. सासूबाईंनी दुसऱ्याच रात्री आपलं अंथरूण मागच्या पडवीत नेलं. कारण काय, तर "मांजर दूध पिता, लक्ष ठेवूक व्हया." दूध तर फडताळात कुलपात असायचं. मी एकदा चुलीपाशी त्यांना म्हटलं, "आई, बंद करूया का तो?" त्या दचकल्या. "तेंनी येवढ्या लांबसून आणलो, तो आपण बंद कसो करूचो? तेंका काय वाटात?"

आणि बाबा? बाबा दुपारी झोपतच नसत. आम्ही सगळे पडायचो, हे भिंतीला टेकून माझ्याजवळ बसायचे. हातात वाळ्याचा छोटा पंखा. कुलर चालू असतानाही ते मला वारा घालायचे.

"बाबा, पडा ना जरा."

"धंद्याची सवय हाय. उन्हाळ्यात दुपारी झोपलो तं गिऱ्हाईक जाईन."

मला ते पटलं होतं. इथे कुठलं आलंय गिऱ्हाईक, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

निघायला दोन-तीन दिवस उरले होते, त्या दुपारची गोष्ट. दत्तप्रसाद बँकेत. घर बंद, कुलर भरात, भिंतीला ओल धरलेली. मी चटईवर कुशीवर पडले होते. पोटातलं बाळ सकाळपासून नेहमीपेक्षा कमी हलत होतं, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. उठून बसावं म्हणून हाताचा रेटा दिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. "आई," मी म्हटलं. आवाज धड फुटला नाही.

सासूबाई पडवीतून आत आल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं मात्र, मानपान जिथल्या तिथे राहिला. त्यांनी कुलरचं बटण बंद केलं. मागचं दार उघडलं, मधलं उघडलं, पुढचं उघडलं.

"व्याहीबुवा, तुमी रागावलात तरी चलात. ह्या चेडवाक वारो व्हयो."

बाबा गोंधळून उभे राहिले होते. दारं त्यांनी उघडू दिली. पण सासूबाई पश्चिमेच्या खिडकीकडे वळल्या तसे ते पुढे झाले आणि खिडकीला पाठ लावून उभे राहिले.

"ही नाई," ते म्हणाले. "विहीणबाई, हात जोडतो. ही खिडकी नाई. लू पश्चिमेकडूनच येते."

"हयसर पश्चिमेक दर्या आसा."

"लहान जीवाले एक झुळूक पुरते. मले माहीत हाय. माह्याच घरात झालं ते."

मी उठून बसले. "काय झालं, बाबा?"

ते माझ्याकडे बघेनात. सासूबाईंकडे बघत बोलले.

"कुंदेच्या आधी एक पोरगा झाला होता आमाले. हिले ठाऊक नाई. हिच्या मायनं शपथ घातली होती, सांगायचं नाई म्हणून. मे महिना होता. टिनाची खोली. ती म्हणे, जीव गुदमरून राहिला, थोडी खिडकी उघडा. मी उघडली. थोडा वारा येईन म्हटलं. दुपारभर उघडी होती. आमाले दोघाले डोळा लागला. उठलो तवा पोराचं अंग नुसतं पेटलं होतं. बारशाचं सामान आणून ठेवलं होतं हो. नाव ठेवायचं राहूनच गेलं."

कुलरच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं.

"तोवर मी सायकलचे पंक्चर काढत होतो," बाबा म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात पहिला कुलर बनवला. ही झाली तवा तो चालू होता."

मला रडू आलं. त्या पोराचं आलं, आईचं आलं, आणि आयुष्यभर दुपारी जागा राहिलेल्या माझ्या बापाचं आलं. मी जन्मभर त्यांच्या कुलरच्या गार हवेत झोपले होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

सासूबाईंनी समजूत घातली नाही. त्यांना ते जमायचंही नाही. त्या बाबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी उघडूचंय नाय. तुमीच उघडा. एकच फळी. हात भायर काढून बघा. गरम लागलो तर मी सोता बंद करतंय, परत कधी उघडूचंय नाय."

बाबा वळले. कडी काढली, एक फळी वीतभर ढकलली आणि त्या फटीतून हात बाहेर घातला.

दर्यावरचा वारा नुकताच सुटला होता. बाहेर माडांची झापं हलत होती. बाबांचा हात कोपरापर्यंत बाहेर, तळवा उघडा, जणू कुणी काही देणार होतं. त्यांनी हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. सदऱ्याची बाही फडफडायला लागली.

"गार हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ओला हाय. पण गार हाय."

हात तसाच बाहेर ठेवून, मागे न वळता त्यांनी विचारलं, "कुंदे, खरं सांग. तुले कुठं बरं वाटते?"

आता बोलले नाही तर पुन्हा बोलता येणार नव्हतं.

"इथं, बाबा," मी म्हणाले. "इथंच बरं वाटते. पण तुमी जाऊ नका."

"मंग पहिलं बाळंतपण माहेरी कसं होईन?"

"तुमी असान तिथं माहेर."

त्यांनी मान हलवली. फळी अजून थोडी ढकलली. तेवढ्यात माझ्या पोटात एक सणसणीत लाथ बसली आणि मी "अगं आई गं" म्हणून ओरडले. सासूबाई आणि बाबा दोघंही धावले, आणि मी रडत-रडत हसायला लागले.

दत्तप्रसादने तिकिटं रद्द केली. बाबांनी दुकान ऐन हंगामात बंद ठेवलं. ते त्यांना कसं परवडलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कुलर त्यांनी स्वतःच उलगडला. आतला पंखा काढून मागच्या भिंतीतल्या झरोक्यात उंचावर बसवला, तोंड बाहेरच्या बाजूला. वारा पडलेल्या रात्री तो लावला की आतली कोंदट हवा बाहेर जायची आणि खिडकीतून नवी हवा यायची. "हे पहिल्या दिवशीच सुचाले पाहिजे होतं," म्हणून स्वतःवरच चिडले. ताट्यांमधला वाळा सासूबाईंनी धुऊन पिण्याच्या माठात टाकला. उरलेल्या पत्र्याच्या खोक्यात नारळ भरले. अजूनही भरतो.

मुलगी झाली ती मेच्या मध्यावर. दवाखान्यातून घरी आलो, पाळणा पश्चिमेच्या खिडकीजवळ आला, कारण घरात वारा तिथेच. बाबा रोज दुपारी आधी खिडकीतून हात बाहेर काढायचे. हात गार लागला की एकच फळी उघडायची, तीही अर्धी, आणि पाळण्याशी वाळ्याचा पंखा घेऊन बसायचं. खिशात कांदा होताच. मध्ये एकदा हात, पुन्हा एकदा हात. शेजारच्या माणसांना वाटायचं, कुंदाचे बाबा पावसाचा अंदाज घेतात.

"जरा पडा हो," सासूबाई म्हणायच्या. "मी बसतंय."

"नाई, नाई. मले दुपारी झोप येत नाई."

मग स्वतःची चटई त्यांनी पडवीतून पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला आणून टाकली.

बारशाला वाडीतल्या सगळ्या बायका आल्या. सावंतवाडीहून आलेल्या माझ्या नणंदेने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, मृण्मयी. बायकांनी नणंदेच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, गोंधळ झाला. बाबा दाराशी उभे होते. त्यांनी पाळण्याजवळ येऊन दोन-तीनदा नुसतं नाव घेतलं, "मृण्मयी. मृण्मयी." बरोबर बसतंय का ते बघितल्यासारखं. मग डोळे पुसून बाहेर ओटीवर गेले.

जेवणं झाली, बायका पांगल्या. असा उकाडा त्या अख्ख्या उन्हाळ्यात झाला नव्हता. आभाळ भरून आलेलं, पान हलत नव्हतं, घामाने माणसं नुसती निथळत होती. मी बाळाला घेऊन पडले होते. बाबा आत आले, खिडकीपाशी गेले. मी त्यांच्या हाताची वाट बघत राहिले.

त्यांनी हात बाहेर काढला नाही. दोन्ही फळ्या एकदम सताड उघडल्या, वाऱ्याने आपटू नयेत म्हणून आकडे लावले. खिशातला कांदा काढून खिडकीच्या चौकटीत ठेवला. मग पाळण्याखाली सारवलेल्या जमिनीवर, चटईसुद्धा न घेता, ते आडवे झाले. मी काही म्हणेपर्यंत ते घोरायला लागले होते.

दिवेलागणीला दत्तप्रसाद पाहुण्यांना स्टँडवर पोचवून आला आणि दारातूनच म्हणाला, "बाबा झोपलेत? बरं नाही का त्यांना?"

"हळू बोल," सासूबाई कुजबुजल्या. "निजांदेत तेंका. कोणी उठवू नकात."

त्या पायाचा आवाज न करता खिडकीपर्यंत गेल्या, चौकटीतला कांदा उचलला आणि आमटीसाठी चिरायला घेतला.